छोटूचं दुखणं

(मंडळाच्या श्रावणातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दरवर्षी या मेळाव्यात कुणी नर्मदा परिक्रमेबद्दल बोलतं, कुणी अमेरिकेतल्या नातवंडांबद्दल. यंदा चिटणिसांचा फोन आला, “तुम्ही दोघं तुमच्या कुत्र्याबद्दल बोला.” आम्हाला आधी थट्टा वाटली. पण गेल्या हिवाळ्यात आपल्यापैकी निदान दहा-बारा घरांतून आमच्याकडे रोज चौकशीचा फोन येत होता, आणि त्यातल्या प्रत्येकाला आम्ही घाईघाईत वेगवेगळं काहीतरी सांगितलं होतं. तेव्हा एकदा सगळं नीट सांगून टाकावं, म्हणून उभे आहोत. बोलायचं एकाने आणि चुकलं तर दुसऱ्याने मधे बोलायचं, असं घरून ठरवून आलो आहोत.

गेल्या वर्षी दसऱ्याला आमच्याकडे ग्रेट डेन जातीचं पिल्लू आलं. दोन महिन्यांचं. नावात डेन असलं तरी ही जात मुळात जर्मनीत घडलेली. डेन्मार्कचा तिच्याशी फारसा संबंध नाही. पूर्ण वाढलेला नर साठ-सत्तर किलोंचा सहज होतो. बाबांनी, म्हणजे घरातल्या आजोबांनी, त्याचे पंजे पाहिले आणि म्हणाले, “हा गाढवाएवढा होणार. नाव तरी लहान असू द्या.” म्हणून छोटू.

छोटू वाढला, तो डोळ्यांदेखत वाढला. सकाळी दिवाणाखाली सहज शिरणारा कुत्रा पंधरा दिवसांनी तिथे अडकायला लागला. आम्हाला त्याचं भारी कौतुक. ज्या दुकानातून त्याचं सामान आणलं, तिथल्या माणसाने कॅल्शियमच्या औषधाची मोठी बाटली हातात ठेवली होती: “बड़ी नस्ल है, हड्डी मजबूत होनी चाहिए.” आम्हालाही ते पटलं. आपल्या सगळ्यांच्या लहानपणी कॅल्शियमच्या गोळ्या आणि शार्क लिव्हर ऑइल होतंच की. दिवसातून दोन वेळा, मोठा चमचा भरून, दोन महिने आम्ही ते देत होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

दत्तजयंतीच्या सुमारास एका सकाळी छोटू उठला नाही. आदल्या दिवशी जरा लंगडत होता, पण पिल्लं उड्या मारतात, मुरगळलं असेल असं आम्ही धरून चाललो. त्या सकाळी मात्र त्याने खाण्याकडे तोंड फिरवलं, आणि उचलायला गेलो तर किंचाळला. कुत्र्याचं किंचाळणं ज्यांनी ऐकलं असेल त्यांनाच कळेल, ते भुंकण्यासारखंही नसतं आणि रडण्यासारखंही. पुढच्या दोन्ही पायांना मनगटाच्या जरा वर सूज होती आणि हात लावला तर चटका बसावा इतकी ती जागा गरम होती.

जवळच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांचं नाव सांगणार नाही, कारण पुढे जे झालं त्यात त्यांच्यापेक्षा आमची घाई जास्त होती. त्यांनी पाहिलं, वाकलेले पाय पाहिले आणि म्हणाले, मुडदूस आहे, कॅल्शियम वाढवा. आम्ही आनंदाने वाढवलं. शेजारपाजारहून उपाय येऊ लागले: अंड्याचं कवच कुटून घाला, तिळाच्या तेलाने चोळा, हळद-दूध पाजा. एका हितचिंतकांनी स्वतःच्या गुडघेदुखीची गोळी अर्धी करून आणून दिली. ती आम्ही दिली नाही, हे आमचं त्या आठवड्यातलं एकमेव शहाणपण. माणसांची आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं कुत्र्याच्या पोटात व्रण करतात आणि मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हे आम्हाला नंतर कळलं. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी आजच्या भाषणातलं बाकी सगळं विसरलं तरी चालेल.

चार दिवसांनी ताप १०५.८. कुत्र्याचं साधारण तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. म्हणजे आपला ताप म्हणून ज्याची धास्ती घेतो तो त्यांचा रोजचा आकडा. पण १०५.८ म्हणजे आग. आम्ही गाडीची मागची सीट पाडली, कापसाची गादी टाकली आणि महूला पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन गेलो.

तिथे एका डॉक्टर बाईंनी पहिल्यांदा एक गोष्ट केली, जी आधी कुणी केली नव्हती. त्यांनी सांधा एका हाताने धरून वाकवला. छोटू काही बोलला नाही. मग सांध्याच्या दोन बोटं वर नुसतं दाबलं, तो ओरडला. “दुखणं सांध्यात नाही,” त्या म्हणाल्या, “हाडाच्या वाढत्या टोकात आहे.” मग एक्स-रे काढले. ती फिल्म त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून आम्हाला दाखवली. लहान पिल्लाच्या हाडाच्या टोकाशी एक काळी रेघ दिसतेच, ती वाढपट्टी; तिथे नवीन हाड तयार होत असतं. छोटूच्या हाडात तिच्या समांतर, जरा वर, आणखी एक काळी रेघ होती. जणू त्याला एकाऐवजी दोन वाढपट्ट्या आहेत. “ही दुसरी रेघ असायला नको,” त्या म्हणाल्या.

नाव भलं मोठं: हायपरट्रॉफिक ऑस्टिओडिस्ट्रॉफी. लिहिताना त्यांनी इंग्रजी आद्याक्षरं लिहिली, एचओडी, आणि आमच्या घरात ते एखाद्या नातेवाइकासारखं नाव होऊन बसलं. झपाट्याने वाढणाऱ्या मोठ्या जातींच्या पिल्लांना हा आजार होतो: ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, बॉक्सर, वायमरानर. वय बहुधा तीन-चार महिने, कधी आठापर्यंत. एकूण पिल्लांच्या मानाने तो दुर्मीळच. वाढपट्टीला लागून जे ताजं, अजून घट्ट न झालेलं हाड असतं, तिथेच दाह होतो आणि ती बारीक जाळी आतून कोसळू लागते. घर बांधलेल्यांना चटकन कळेल असं सांगतो: स्लॅब टाकलाय, अजून पाणी मारणं चालू आहे, आणि तेवढ्यात कुणी खालचे टेकू हलवतंय. म्हणून कुत्र्याला स्वतःच्याच वजनावर उभं राहवत नाही.

आम्ही विचारलं, कशामुळे? त्यांनी सरळ सांगितलं की कारण आजवर सापडलेलं नाही. पूर्वी लोकांना हा लहान मुलांच्या स्कर्व्हीसारखा वाटे आणि क जीवनसत्त्व भरपूर दिलं जाई. पण कुत्रा आपल्या यकृतात क जीवनसत्त्व स्वतःच तयार करतो, आणि ते देऊन या आजारात काही साधत नाही. काहींना डिस्टेंपरच्या विषाणूवर संशय आहे, काहींना रक्तातल्या वारशावर. वायमरानरमध्ये तर एकाच वेतातल्या अनेक पिल्लांना होतो.

मग आमच्यापैकी एकाने कॅल्शियमची बाटली पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टर बाईंनी ती उचलली आणि न बोलता बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, हे आजपासून बंद. नेदरलँड्समध्ये उट्रेख्तच्या विद्यापीठात १९८० च्या दशकात नेमका ग्रेट डेनच्याच पिल्लांवर अभ्यास झाला आहे. जास्त कॅल्शियम दिलेल्या पिल्लांची हाडं मजबूत व्हायच्या ऐवजी त्यांची घडण बिघडली. आपलं शरीर नको असलेलं कॅल्शियम बरंचसं आत घेतच नाही. इतक्या लहान पिल्लाला ते दार नीट बंद करता येत नाही, जेवढं घालाल त्यातलं पुष्कळ आत जातं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी जे तयार खाणं मिळतं त्यात कॅल्शियम मोजूनच घातलेलं असतं; त्यावर वरून काही घालायचं नसतं.

“मग हे आमच्यामुळे झालं?” आम्ही विचारलं. त्यांचं उत्तर होतं, “तसं म्हणता येत नाही. नाही असंही म्हणता येत नाही.” आम्हाला खरं तर दोन्हींपैकी एक हवं होतं. एक तर आम्हाला दोषी धरा, नाहीतर सोडून द्या. त्या दोन्ही करायला तयार नव्हत्या, आणि इतक्या महिन्यांनंतर वाटतं, त्यांनी बरंच केलं.

उपचार म्हणजे आजार घालवणारं औषध नाहीच. दाह आणि वेदना कमी करायच्या, पाणी आणि अन्न पोटात जाऊ द्यायचं, आणि हाडाची वाढ या अवघड टप्प्यातून पुढे सरकेपर्यंत कुत्र्याला जगवायचं. मेलॉक्सिकॅम मोजून, रिकाम्या पोटी नाही. शिवाय बजावून सांगितलं की बरा वाटला म्हणून हुरळू नका, हा परत येतो.

आठ दिवसांत छोटू उठला. आम्ही पेढे वाटले. तीन आठवड्यांनी तो परत पडला, आणि त्या वेळी मात्र मागचे पायही गेले.

आता जरा व्यवहाराचं सांगतो, कारण कुणालाच हे कुठे शिकवलेलं नसतं. आमच्या घरात सगळीकडे गुळगुळीत टाइल्स. अशक्त पायांना ती फरशी म्हणजे बर्फ. दिवाणखान्यापासून मागच्या अंगणापर्यंत आम्ही पोती, सतरंज्या आणि योगासनाच्या चटया जोडून रस्ता तयार केला. आईंनी जुन्या सुती नऊवारीची चौपदरी पट्टी शिवली. ती पोटाखालून घेऊन दोघांनी दोन बाजूंनी उचलायचं, म्हणजे पंजे जमिनीला लागतात पण वजन येत नाही. वीस-बावीस किलोंचं जनावर होतं तेव्हा, त्यातलं चार किलो त्या महिन्यात गेलं. दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, नाहीतर कोपरांना आणि खुब्याला व्रण पडतात. एकाच कुशीवर ठेवला तर रात्रीत कातडी लाल होते. आम्ही पाळ्या लावल्या. रात्री अकरा ते दोन एक, दोन ते पाच दुसरा, आणि पाचनंतर बाबा, कारण ते तसेही उठलेले असतात.

बाबांचे गुडघे गेली दहा वर्षं जायबंदी. पहाटे उठून खुर्चीवर बसायचे, एक हात छोटूच्या डोक्यावर ठेवून रेडिओ लावायचे. एकदा आम्ही चहा घेऊन गेलो तर त्याला सांगत होते, “थंडीत असंच होतं रे. ऊन वर आलं की जरा बरं वाटतं.” आम्ही चहा ठेवून परत फिरलो.

खाण्याचं म्हणाल तर, आमच्या घरात अंडं कधी शिजलं नव्हतं. अशक्त पिल्लाला पचेल असं म्हणून डॉक्टरांनी उकडलेलं अंडं आणि मऊ भात सुचवला. आईंनी मागच्या पडवीत वेगळी शेगडी आणि वेगळं पातेलं मांडलं आणि बजावलं की या घरात त्याला अंडं म्हणायचं नाही, पांढरा बटाटा म्हणायचं. संकष्टीलाही पांढरा बटाटा शिजला. बिनसुईच्या इंजेक्शनच्या नळीने, गालाच्या बाजूने, थोडं थोडं. घाईने सरळ घशात सोडलं तर ते श्वासनलिकेत जायची भीती.

तिसरा झटका संक्रांतीच्या आठवड्यात आला. तो या सगळ्यातला सर्वांत वाईट भाग, आणि खरं तर तोच सांगायला आम्ही आलो आहोत.

मेलॉक्सिकॅमने आता भागत नव्हतं. डॉक्टर बाई म्हणाल्या, स्टेरॉइड देऊन पाहू. पण ही दोन औषधं एकत्र देता येत नाहीत, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आधीचं बंद करून मधे काही दिवस जाऊ द्यावे लागतात. त्या दिवसांत दुसऱ्या प्रकारची वेदनाशामकं दिली, सलाइन लावलं. तरी छोटू दिवसातून वीस-वीस तास कण्हत होता. हात जवळ नेला तरी दात दाखवायचा. तो रागाने नाही, भीतीने. तेव्हा त्यांनी दुसरा मार्गही सांगितला, नजर चुकवली नाही. काही घरं या टप्प्यावर त्याला कायमचं झोपवायचा निर्णय घेतात, आणि तो चुकीचा असतोच असं नाही.

इथपर्यंत आम्ही ‘आम्ही’ म्हणून बोललो. त्या आठवड्यात आम्ही ‘आम्ही’ नव्हतो. एकाचं म्हणणं, हे हाल आपण आपल्या समाधानासाठी लांबवतोय. दुसऱ्याचं म्हणणं, बरा होण्याची शक्यता असलेल्या आजारात पाच महिन्यांच्या जिवाला आपण कसं थांबवायचं. कुणाचं कोणतं ते सांगणार नाही. घरात आता शांतता आहे, ती राहू द्या. दोन दिवस आम्ही फक्त औषधाच्या वेळांपुरतं बोललो. मुलीने दोघांकडे बघून विचारलं, “तुम्हा दोघांचा पण ताप मोजू का?”

त्याच दिवसांत आम्हाला कळलं की छोटूच्याच वेतातल्या एका पिल्लाला हाच आजार झाला होता आणि त्या कुटुंबाने त्याला जाऊ दिलं. आम्ही त्यांना फोन केला. त्यांच्याकडे धाकटं बाळ होतं, दोघं नोकरीला, रात्री जागायला तिसरं कुणी नाही. त्या बाई फोनवर एवढंच म्हणाल्या की त्याने शेवटी त्यांच्या हाताला चाटलं. त्यांच्यात आणि आमच्यात प्रेमाचा फरक होता असं आम्हाला आजही वाटत नाही. आमच्याकडे आई-बाबा होते, एवढाच फरक होता.

शेवटी डॉक्टर बाईंनी आमचं भांडण एका साध्या युक्तीने सोडवलं. रोज रात्री तीन प्रश्न विचारा: स्वतःहून काही खाल्लं का? घरातलं माणूस आल्यावर शेपटी हलली का? आणि आजच्या दिवसात शांत झोपेचे तास कण्हण्याच्या तासांपेक्षा जास्त होते का? तीनपैकी दोन हो आले तर ठिपका, नाहीतर फुली. स्टेरॉइड सुरू केल्यावर सलग पाच फुल्या आल्या, तर मला फोन करा. मी घरी येईन. एकमत होत नाही तोवर निर्णय भावनेवर सोडू नका, मोजणीवर सोडा.

आमच्या स्वयंपाकघरातलं जानेवारीचं कालनिर्णय अजून जपून ठेवलंय. संक्रांत फुली, किंक्रांत फुली. त्यानंतर औषध सुरू झालं, तो दिवस फुली, दुसरा फुली. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप १०२.८ होता. आम्ही थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. दुपारी छोटूने नळी नाकारली आणि वाटी चाटली. त्या दिवशीचा ठिपका इतका दाबून काढलाय की पान फाटलंय.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. स्टेरॉइड हळूहळू कमी करत आणायचं असतं, एकदम थांबवायचं नाही. त्यात भूक आणि तहान भलती वाढते, आणि आमची रात्रीची पाळी आता त्याला बाहेर न्यायची झाली. फेब्रुवारीत एक बारीकसा झटका येऊन गेला. पण वाढीचा वेग जसा मंदावला तसा आजारही ओसरत गेला. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर निघाली होती, आमच्या गल्लीतही ढोल वाजत होते. छोटू नऊवारीच्या पट्टीशिवाय फाटकापर्यंत गेला आणि ढोलवाल्यांवर भुंकला. आम्ही कुणी त्याला गप्प केलं नाही.

खर्चाचं बरेच जण विचारतात. औषधं, एक्स-रे, सलाइन, महूच्या फेऱ्या धरून चाळीस हजारांच्या वर गेला. एका लग्नात एका नातेवाइकांनी सगळ्यांसमोर विचारलं, “इतक्या पैशांत एखाद्या गरीब मुलाचं शिक्षण झालं असतं, नाही का?” झालं असतं. आम्ही त्यावर काही बोललो नाही, आणि आजही आमच्याकडे त्याचं असं उत्तर नाही, की जे ऐकून ते गप्प बसतील. फक्त एवढंच म्हणू, की दसऱ्याला ते पिल्लू उचलून घरात आणलं तेव्हा आम्हाला कुणी जबरदस्ती केली नव्हती.

पिल्लू आणायच्या विचारात असलेल्यांना सांगायचं तर, मोठ्या जातीचं पिल्लू गुटगुटीत दिसण्यात भूषण नाही. बरगड्या हाताला लागाव्यात, तेवढंच खायला घालावं. सावकाश वाढू द्यावं. लस चुकवू नये, पण अशा आजारातून उठलेल्याचं लसीचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारूनच ठेवावं. आणि ज्याला हा आजार झाला त्याची पुढे पैदास करू नये. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याच मंडळातल्या एका घरातून छोटूसाठी स्थळ आलं आहे. मुलगी देखणी आहे, घराणं उत्तम आहे, पत्रिका पाहायचीही गरज नव्हती. पण आम्ही नकार दिला आहे, आणि तो त्यांनी मोठ्या मनाने घेतला, त्याबद्दल त्यांचे जाहीर आभार.

छोटू आता एक वर्षाचा झाला. वजन एकसष्ट किलो. डावा पुढचा पाय किंचित बाहेर वळलेला राहिला आहे, तो तसाच राहील. पावसाळी सकाळी उठायला वेळ लावतो, बाबाही लावतात. दोघांपैकी जो आधी उठेल तो दुसऱ्याची वाट पाहतो.

एक्स-रेच्या फिल्म आम्ही बरोबर आणल्या आहेत, मागच्या टेबलावर खाकी पाकिटात ठेवल्या आहेत. ती दुसरी रेघ ज्यांना पाहायची असेल त्यांनी चहाच्या वेळी खिडकीजवळ या. ट्यूबलाइटमध्ये ती दिसत नाही.